नांदगाव आणि खंडेश्वर यांच्या मधली झोप

प्रत्येक मोठ्या संकटाच्या आधी एक छोटी सूचना येऊन गेलेली असते, आणि त्या सूचनेखाली 'ठीक आहे' एवढं एकच बटण असतं. अपेक्षाच्या बाबतीत ही सूचना एप्रिलच्या एका दुपारी अंगाई वाजवणाऱ्या यंत्रावर आली. 'यंत्र तापले आहे. कृपया विश्रांती द्या.' मांडीवर नऊ महिन्यांची इशिता होती, उजवा हात वरणभाताने भरला होता, म्हणून तिने डाव्या करंगळीने 'ठीक आहे' दाबलं आणि भरवणं पुढे सुरू केलं. (या बटणाचा अर्थ 'वाचलं' असा आहे. 'ऐकते' असा अर्थ आजवर कुणी काढलेला नाही.)

खरं म्हणजे अपेक्षा सूचना टाळणाऱ्यातली बाई नव्हे. ती एम.एस्सी. झालेली आहे आणि तिच्या घरात तीन थर्मामीटर आहेत, तिसरं पहिल्या दोघांवर लक्ष ठेवायला. इशिता झोपली नाही की तिला काळजी वाटते. झोपली की ती नाकाखाली बोट धरून श्वास बघते. बोट लागून इशिता जागी होते, आणि काळजी पुन्हा पहिल्या जागी येते. अमरावतीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचा कारभार या चक्रावर सुरळीत चालला होता.

अडचण एकच होती. इशिताला दुपारची झोप येत नसे. ती फक्त आजीच्या अंगाईने येई, आणि आजी अकोल्याला.

आजी म्हणजे सत्यभामाबाई, अपेक्षाच्या सासूबाई. त्यांची अंगाई त्यांनी स्वतःच रचलेली आहे. त्यात चांदोबा नाही, परी नाही. त्यात गावं झोपतात, एसटीच्या थांब्यांप्रमाणे एकापाठोपाठ एक. आधी अकोला निजते, मग मूर्तिजापूर निजते, मग बडनेरा, मग भातकुली, मग नांदगाव खंडेश्वर (हे एकच गाव), आणि फिरत फिरत अगदी शेवटी, रस्ता खराब असल्यामुळे, धारणी. धारणी निजली की मग 'आता राह्यली इशू' असं म्हणून पोरीच्या पाठीवर एक हलकी थाप. पूर्वी या थापेपर्यंत जागं राहिलेलं मूल घराण्यात झालेलं नव्हतं.

"मीच येतो ना तिथं," सत्यभामाबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "बसनं अडीच तास. येतो, पोरीले निजवतो, तुलेही दोन घास सुखानं खाता येतील."

"आई, या उन्हात तू कशाला?" हे अपेक्षाच्या नवऱ्याचं, सागरचं, बोलणं. "मीच अकोल्याला येतो आणि तुझा आवाज घेऊन जातो."

सागर ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि त्याला शुद्ध आवाजाचा नाद आहे. व्हॉट्सअॅपवर आलेला आईचा आवाज तो आईचा मानत नाही. त्यात वरच्या पट्टीतली आई कापली जाते आणि खालची आई दाबली जाते, उरते ती मधली आई, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे अंगाई चोवीस बिट आणि एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रित करायची ठरली. (इतक्या वरचे आवाज माणसाला ऐकू येत नाहीत, वटवाघळाला येतात. घरात वटवाघूळ नव्हतं, पण उद्या आलंच तर त्याची गैरसोय होऊ नये.)

सागर बसने गेला, आवाज घेतला आणि बसने परत आला. येताना शेजारची जागा रिकामी होती. त्या जागेवर त्याने ध्वनिमुद्रकाची पिशवी ठेवली आणि तिला ऊन लागू नये म्हणून स्वतः खिडकीशी बसला. आईला त्रास झाला नाही याचं त्याला फार समाधान होतं.

मुद्रण अप्रतिम झालं होतं, हे कुणीही कबूल करेल. त्यात सत्यभामाबाईंच्या एका बांगडीवर दुसरी बांगडी टेकल्याचं ऐकू येई. आतल्या खोलीत सासरे वामनराव चष्म्याची दांडी उघडतात ते ऐकू येई. भिंतीपलीकडे शेजारच्या माणिकबाई तूरडाळ निवडत होत्या, त्यांच्या ताटात खडा पडल्याचं ऐकू येई. (खडा बारीक असावा.) या सगळ्यातून वाट काढत अंगाईही ऐकू येई.

ती वाजवायला सागरने एक खास यंत्र आणलं. घरात त्याला 'डबा' म्हणत, सागर सोडून. डबा दिसायला देखणा, मनाने शुद्ध आणि स्मरणशक्तीने बेताचा होता. फाइल होती फोनवर आणि डबा तिथून वायफायने थोडा थोडा आवाज ओढून, आपल्या बफरमध्ये साठवून वाजवत असे.

अकोल्यात वाढलेल्या माणसाला बफर समजावून सांगावा लागत नाही. नळ कधीतरी येतो, तेवढ्यात ड्रम भरून ठेवायचा आणि पुढच्या नळापर्यंत पुरवायचा. ड्रम लहान आणि घरात पाहुणे जास्त असले की मधेच खडखडाट होतो. आता या घरात पाहुणा एकच होता, पण तो एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झचा होता. सत्यभामाबाई अकोला निजवत, मूर्तिजापूर निजवत, बडनेरा निजवत, भातकुली निजवत, आणि 'नांदगाव' म्हटलं की ड्रम रिकामा. फोनच्या पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरू लागे. खंडेश्वर येत नसे.

आता हे इतर कुठल्या घरात झालं असतं तर चक्र थांबल्यावर अंगाई पुढे गेली असती. पण हे पुरोहितांचं घर. वामनरावांनी चाळीस वर्षं पौरोहित्य केलं. त्यांच्याकडे दोन नियम दगडासारखे पक्के आहेत. पठण चालू असताना मधे कुणी बोलायचं नाही. आणि पठणात खंड पडला तर पहिल्यापासून. सागरने फोनवर विचारलं, अंगाईला हे लागू आहे का? वामनराव म्हणाले, "म्हणणारी कोण? माझी बायको. मंग लागू आहे."

त्यामुळे रोज दुपारी अकोला पुन्हा निजायला लागलं. निजलेलं मूर्तिजापूर पुन्हा पुन्हा निजवलं जाऊ लागलं. खंडेश्वर आणि धारणी मात्र अमरावतीपुरती कायमची जागी राहिली.

सागर हातावर हात धरून बसणारा नव्हे. कामगिरी सुधारण्यासाठी त्याने घरात पुढील उपाय तत्काळ लागू केले:

१. फोनची जागा मोकळी करणे. इशिताचं पहिलं हसू, पहिलं पालथं पडणं आणि पहिली शिंक, हे व्हिडिओ काढून टाकण्यात आले. (बाळाला नीट झोपवण्यासाठी बाळ फोनमधून काढावं लागलं. मूळ प्रत घरातच असल्याने नुकसान झालं नाही.)

२. अंगाई चालू असताना घरात दुसऱ्या कुणी वायफाय वापरू नये. वापरल्यास ते बाळाच्या झोपेतून ओढलं जात आहे असं समजावं.

३. कूलर आणि पंखा बंद. त्यांची घरघर बांगडीच्या आवाजाशी मिसळते. दारं-खिडक्याही बंद.

४. डबा तापला की रेंगाळतो, सबब एक लहान, बिनआवाजाचा टेबलफॅन डब्यासमोर लावावा. तो माणसांकडे वळवू नये.

अमरावतीचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना तिसरं कलम समजायला वेळ लागणार नाही. अपेक्षा ओला नॅपकिन डोक्यावर घेऊन बसू लागली. इशिताला ती फक्त लंगोटात आणि डब्यामागे ठेवू लागली, कारण पंख्याची उरलेली झुळूक तिथे येई. डबा मात्र मजेत होता, आणि तरीही नांदगावापाशी अडकतच होता.

आणि मग जे झालं ते कुठल्याच पुस्तकात नाही. इशिता झोपू लागली. अंगाईने नव्हे, अडकण्याने. 'नांदगाव' म्हटलं, आवाज थांबला, चक्र फिरू लागलं, की तिचे डोळे त्या चक्राबरोबर दोन फेऱ्या मारत आणि मिटत. निरीक्षणांती असं दिसून आलं की शंभरातल्या नव्वद वेळा इशिता नांदगाव आणि खंडेश्वर यांच्या मधेच झोपते. (उरलेल्या दहा वेळा सागर झोपतो.) आता डबा अडकला तरच घर निर्धास्त होई. एखाद्या दिवशी नेट चांगलं मिळून 'खंडेश्वर' ऐकू आलं की अपेक्षा धास्तावून राउटरकडे बघे.

मे महिन्यात डब्याने मान टाकली. सागर त्याला गोपालच्या दुकानात घेऊन गेला. गोपालने पाठीवरचे स्क्रू उघडले, आत फुंकर मारली.

"सागरभाऊ, याले उनाचा त्रास झाला."

"याच्यासमोर दिवसभर पंखा होता!"

"घरच्या लोकाईसमोर होता का?"

"नाही. याच्यासाठीच होता."

"मंग याले घरच्या लोकाईचा तळतळाट लागला असन," गोपाल म्हणाला आणि चार दिवसांनी या असं सांगून त्याने डबा ठेवून घेतला.

चार दिवस झोप नाही म्हटल्यावर अपेक्षाने कुणाला न विचारता सासूबाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई आणि वामनराव बसने हजर. पिशवीत कैऱ्या, बाळंतशोप आणि मूर्तिजापूरच्या थांब्यावर घेतलेले शेंगदाणे. घाम पुसून त्या लगेच मांडी घालून बसल्या, नातीला कुशीत घेतलं आणि अंगाई सुरू केली. अकोला निजलं. मूर्तिजापूर, बडनेरा, भातकुली निजली. 'नांदगाव' म्हटल्याबरोबर इशिताने डोळे मिटायची तयारी केली, आणि सत्यभामाबाई सरळ 'खंडेश्वर' म्हणून पुढे निघून गेल्या. इशिता दचकली. धारणीपर्यंत सगळा मुलूख झोपला, पाठीवर थाप पडली, आणि पोरगी टक्क जागी.

"हे काहून अशी पाहून राह्यली माह्याकडे?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "माह्या हातानं सारं खानदान निजलं. हिचा बाप तर बडनेऱ्यालेच घोरे."

अपेक्षा जरा खाली बघून म्हणाली, "आई, ती तुम्ही अडकायची वाट बघतेय. नांदगावापाशी."

"मी काहून अटकू? मी का डबा आहो?"

पण नातीसाठी माणूस काय करत नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी 'नांदगाव' म्हटलं आणि तोंड तसंच उघडं ठेवून थांबल्या. इशिताला पुरेना, तिची नजर काहीतरी शोधत होती. अपेक्षाने हवेत बोट गोल फिरवून दाखवलं. सत्यभामाबाईंनी एकवार सुनेकडे पाहिलं, एकवार देवाकडे, आणि उजव्या हाताची तर्जनी नातीसमोर गोल गोल फिरवू लागल्या. दोन फेऱ्यांत इशिता गाढ.

"वा!" सागर कुजबुजला. "काय लयीत फिरतंय! डब्याचं चक्र मधेच उडी घ्यायचं."

वामनरावांना खंडाचं विचारलं. ते म्हणाले, ठरवून घेतलेला तो विराम, खंड नाही. पुढे जाता येतं. पण पुढे ऐकायला कुणी जागंच नव्हतं.

चारपाच दिवस हे छान चाललं. सत्यभामाबाई रोज दुपारी अडकत होत्या, आणि अडकण्यात त्यांचा हातखंडा झाला होता. एकदा पोळ्या लाटताना त्या अपेक्षाला म्हणाल्या, "पाय बाई, मी थांबली म्हणजे दरवेळी डबाच थांबला असं धरू नको. माणूस दुसऱ्या कारणानंही थांबते."

"हो आई," अपेक्षा म्हणाली. (हे 'ठीक आहे'चंच घरगुती रूप आहे.)

मग डबा दुरुस्त होऊन आला, आणि सागरच्या डोक्यात ती कल्पना आली. आईची ही अडकणारी अंगाईच मुद्रित करून घ्यायची. मग आई अकोल्याला गेली तरी चालेल. डबा अडको न अडको, अंगाई अडकणारच. तंत्रज्ञानातला दोष असा कायमचा जतन करून ठेवण्याचा हा वऱ्हाडातला पहिलाच प्रयत्न असावा.

मुद्रण दुपारीच ठेवलं, म्हणजे नात खरोखर झोपते याचाही पुरावा फाइलमध्ये राहील. बाहेर पंचेचाळीस अंश. दारं बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. कूलर बंद, पंखा बंद. टेबलफॅन डब्यासमोर, कारण मुद्रण झालं की लगेच वाजवून बघायला डबा चालू ठेवला होता. सत्यभामाबाई सतरंजीवर, मांडीवर इशिता. वामनराव समोर डोळे मिटून, हात जोडून. सागरने कानांवर हेडफोन चढवला आणि बोट वर केलं. त्यापुढे मधे कुणी बोलायचं नाही.

अकोला निजलं. मूर्तिजापूर निजलं. बडनेरा जरा सावकाश निजलं, पण निजलं. मग सत्यभामाबाई म्हणाल्या, "भातकुली..." आणि थांबल्या.

सागरने मान डोलावली. थांबणं फार सुंदर होतं. आवाज कुठेही न फाटता विझला होता. वामनरावांनी हात आणखी घट्ट जोडले. सगळे अदबीने वाट बघत राहिले.

अपेक्षाही बघत होती, तिला दुसरं येतच नाही. आणि तिला वाटलं, भातकुली? भातकुलीला कधीच अडकत नाही. अडकतं ते नांदगावाला. भातकुली निजून पुढे गेल्याशिवाय नांदगाव येणार कुठून? मग तिने बोट बघितलं. तर्जनी उभी होती, पण फिरत नव्हती. सागरनेही ते पाहिलं आणि त्याचा चेहरा कौतुकाने फुलला. हातवारे करून त्याने सांगितलं, चक्रही काढून टाकलं बघ आईने, केवढा संयम!

एवढ्यात इशिताने आजीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आपलं एवढंसं बोट वर केलं आणि आजीसमोर गोल फिरवलं. एकदा, दोनदा. आजी सुरू होईना. तेव्हा तिचा खालचा ओठ बाहेर आला.

सागरने अपेक्षाला हाताने खूण केली: तिला रडू देऊ नकोस, टेक बिघडेल.

अपेक्षाच्या डोळ्यांसमोर मधे न बोलण्याचा तो नियम होता, जो त्या घरात लग्न होऊन आल्यापासून तिने एकदाही मोडला नव्हता. तो मोडला.

"आई?"

"खंड!" डोळे न उघडता वामनराव म्हणाले.

"आई! अहो आई!"

सत्यभामाबाई हळूहळू एका बाजूला कलल्या, इशिताला मात्र घट्ट धरून. अपेक्षाने पोरीला ओढून घेतलं, सासूबाईंच्या नाकाखाली बोट धरलं (या कामात तिच्याइतका सराव अमरावतीत कुणाला नसेल), श्वास होता, अंग तव्यासारखं. तिने टेबलफॅनची मान धरून डब्याकडून त्यांच्याकडे वळवली, सागरच्या कानावरचा हेडफोन ओढून काढला आणि ओरडली, "कूलर लावा! खिडक्या उघडा! उभे काय राहिलात, बफर होऊन राहिले का तुम्ही?"

मग सगळं एकदम सुरू झालं. ओला टॉवेल आला, पाणी आलं, कॉलनीतले डॉक्टर आले. ऊन लागलं, म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलण्यासारखं राहिलं नसतं. वामनराव सतरंजीच्या टोकाशी बसून बायकोचे तळपाय चोळत होते. पन्ह्याचे दोन घोट पोटात गेल्यावर सत्यभामाबाईंनी डोळे उघडले. भोवतीची सगळी तोंडं एकेक करून पाहिली. आणि अगदी अपराधी आवाजात म्हणाल्या,

"खंड पडला काय? पयल्यापासून म्हणू का?"

त्यावर वामनराव, ज्यांनी चाळीस वर्षांत कुणाला सूट दिली नव्हती, म्हणाले, "नको. तू निज. धारणी अन् बाकीचं आमी पाहू."

टेबलफॅन गेल्यामुळे तिकडे डब्यावर सूचना उजळली होती: 'यंत्र तापले आहे. कृपया विश्रांती द्या.' कुणीच 'ठीक आहे' दाबलं नाही, तेव्हा तो आपला आपण बंद पडला.

सत्यभामाबाई अजून अमरावतीलाच आहेत. कूलरसमोरची जागा त्यांची. इशिताला आता त्या चक्र न फिरवता निजवतात. पहिले काही दिवस तिने गोंधळ केला, मग तिला खंडेश्वर आवडलं. व्हिडिओ गेले ते गेले, पण पोरगी रोज नव्याने शिंकते. डबा पलंगाखाली आहे.

फाइल मात्र अपेक्षाच्या पहिल्या हाकेपर्यंत निर्मळ निघाली, पुढचं सागरने कापलं. सागरने ती शुद्ध आवाजाच्या शौकिनांच्या गटात टाकली, 'आईची अंगाई, चोवीस बिट' एवढंच लिहून. खूप लोकांनी ऐकली. भातकुलीनंतरच्या शांततेबद्दल सगळ्यांनी लिहिलं. एकाने लिहिलं, माझ्याकडे इथे फाइल अडकते. दुसऱ्याने सुचवलं, बफर वाढवा. तिसऱ्याने विचारलं, राउटर कुठल्या खोलीत आहे? चौथ्याने लिहिलं, इतकी निर्मळ शांतता आजवर ऐकली नव्हती, कुठला माइक? बाई गप्प का झाल्या, हे कुणीच विचारलं नाही.

तेव्हा अपेक्षाने नवऱ्याचा फोन घेतला आणि खाली स्वतः लिहिलं. हे त्या गटासाठी लिहिलं होतं, पण तिचं म्हणणं की ज्याच्या हातात हे पडेल त्या सगळ्यांना लागू आहे:

'फाइल चांगली आहे. नेटही चांगलं आहे. तुमच्या घरात पलीकडच्या खोलीत कुणीतरी मघाशी काहीतरी बोलत होतं. तुम्ही "हं" म्हणालात आणि वाचत राहिलात. मग तो आवाज थांबला, आणि तुम्हाला बरं वाटलं. आता उठा, आणि आत जाऊन एकदा बघून या. आम्ही थांबतो.'